मास्टोडॉन सर्व्हर अडला की लॉगची पातळी कुठे, किती आणि किती वेळ वाढवावी

जुलैतल्या एका सकाळी ऐरोलीहून काकांचा फोन आला. "अगं, कर्नाळ्याला काढलेला तिबोटी खंड्याचा फोटो आपल्या इथे दिसतोय, पण पुण्याच्या मंडळींना दिसत नाही म्हणे. आणि त्यांचंही कालपासून काहीच आलेलं नाही."

आमचा तीसेक जणांचा गट आहे. ठाणे खाडीच्या काठी आणि येऊरच्या जंगलात पक्षी बघतो, नोंदी ठेवतो. या नोंदी आणि फोटो दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर राहू नयेत म्हणून मास्टोडॉनचा, म्हणजे ट्विटरसारख्या पण एकमेकांशी जोडलेल्या वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालणाऱ्या जाळ्यातला, स्वतःचा सर्व्हर चालवतो. कोलशेतला माझ्या घरी एका लहान संगणकावर तो चालतो. काकांचा फोन ठेवल्यावर मी सर्वांत आधी एकूण एक भागाचे लॉग, म्हणजे सर्व्हर आपल्या कामाच्या लिहून ठेवतो त्या नोंदी, डीबग या सर्वांत बारीक तपशिलाच्या पातळीवर नेले. पुढचे दोन तास धो धो वाहणाऱ्या ओळी वाचण्यात गेले, आणि उत्तर त्या ओळींत नव्हते. ते आधीच्याच, साध्या पातळीच्या लॉगमध्ये होते. त्याची हकीकत पुढे येईल.

ज्यांनी नुकताच असा सर्व्हर उभा केला आहे, ज्यांना टर्मिनल उघडून दोन-चार आज्ञा देता येतात, पण लॉग म्हटले की धडकी भरते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पातळी वाढवावी ती एका प्रश्नासाठी, एकाच भागाची आणि थोड्या वेळापुरती, एवढे एक पटवून द्यायचे आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची.

पातळी म्हणजे काय

सर्व्हरचा प्रत्येक भाग आपण काय करतो आहोत ते ओळीओळीने लिहीत असतो. प्रत्येक ओळीला तिच्या गांभीर्याचा शिक्का असतो. मास्टोडॉनमध्ये हे शिक्के खालून वर असे आहेत : डीबग, इन्फो, वॉर्न, एरर, फेटल. तुम्ही पातळी इन्फो ठेवली की इन्फो आणि त्यावरच्या सगळ्या ओळी लिहिल्या जातात, डीबगच्या ओळी लिहिल्याच जात नाहीत. हा 'लिहिल्याच जात नाहीत' भाग नीट ध्यानात घ्या. काल रात्री जे घडले त्याच्या डीबग ओळी आज पातळी वाढवून मिळणार नाहीत. पातळी पुढच्या घटनांना लागू होते. म्हणूनच बिघाड पुन्हा घडवून आणता येणे फार महत्त्वाचे आहे. त्याकडे येतेच.

आकड्यांची एक गल्लत नवख्यांना हमखास अडवते. मास्टोडॉन रूबी भाषेत लिहिलेला आहे आणि रूबीत डीबग म्हणजे ०, फेटल म्हणजे ४. म्हणजे आकडा मोठा, तितके प्रकरण गंभीर. लिनक्सच्या सिस्टीम लॉगमध्ये मात्र नेमके उलटे : ० म्हणजे आणीबाणी आणि ७ म्हणजे डीबग. त्यामुळे आकडे पाठ करू नका, नावे वापरा.

मूळ पातळी इन्फो असते आणि रोजच्या कामाला तीच योग्य आहे. जागा वाचवायला काही जण ती वॉर्नवर नेऊन ठेवतात. मी तसे करत नाही. वॉर्नवर कोणती विनंती कधी आली आणि तिला काय उत्तर गेले याची ओळच राहत नाही, मग बिघाड झाला की मागे वळून पाहायला काही उरत नाही.

पहिली पायरी : तक्रार एका वाक्यात लिहा

टर्मिनल उघडण्याआधी कागदावर लिहा : कोणाला, कधी, काय करताना, काय दिसले. 'सर्व्हर चालत नाही' हे वाक्य उपयोगाचे नाही. 'काकांनी काल संध्याकाळी टाकलेला फोटो आपल्या सर्व्हरवर दिसतो, दुसऱ्या सर्व्हरवरच्या लोकांना दिसत नाही, तिकडचेही इकडे येत नाही' या वाक्यात निम्मा तपास झालेला असतो. फोटो आपल्या इथे दिसतो म्हणजे वेबचा भाग ठीक आहे, डेटाबेस ठीक आहे, फोटो साठवणेही ठीक आहे. अडले आहे ते दोन सर्व्हरांमधले देणे-घेणे.

आता कोणता भाग काय करतो ते पाहू. मास्टोडॉन म्हणजे एकच प्रोग्राम नाही. लोक पाने उघडतात, पोस्ट टाकतात, शोधतात ते काम वेब नावाचा भाग करतो. दुसऱ्या सर्व्हरांना पोस्ट पोचवणे, आलेल्या पोस्ट आत घेणे, ईमेल धाडणे, दुव्यांचे पूर्वदर्शन आणणे ही मागच्या खोलीतली कामे साइडकिक करतो. पान न हलवता नवी पोस्ट आपोआप वर येते ती स्ट्रीमिंगमुळे. या तिघांच्या मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि कामांची रांग सांभाळणारा रेडिस असतात, आणि सगळ्यांच्या पुढे, दारावर, एन्जिनएक्स उभा असतो.

मग तक्रारीवरून भाग ठरतो. पानच उघडत नाही आणि ५०२ दिसते, तर आधी एन्जिनएक्सचा एरर लॉग. तिथे 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर मागचा वेब भाग बंद पडला आहे. तो सहसा ३००० क्रमांकाच्या पोर्टवर असतो, स्ट्रीमिंग ४००० वर. मोठा व्हिडिओ चढत नाही आणि ४१३ येते, तर विनंती मास्टोडॉनपर्यंत पोचलेलीच नाही, दारावरूनच परत गेली आहे. अशा वेळी मास्टोडॉनची पातळी कितीही वाढवली तरी एक ओळ मिळणार नाही. ईमेल येत नाही, पोस्ट बाहेर जात नाही : साइडकिक. शोधल्यावर दुसऱ्या सर्व्हरवरचे खाते सापडत नाही : वेब.

दुसरी पायरी : आहे तो लॉग आधी वाचा

सिस्टीमडीवर (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारी आणि त्यांच्या ओळी 'जर्नल' या लॉगमध्ये साठवणारी व्यवस्था) चालणाऱ्या नेहमीच्या मांडणीत सेवांची नावे मास्टोडॉन-वेब, मास्टोडॉन-साइडकिक आणि मास्टोडॉन-स्ट्रीमिंग अशी असतात. 'जर्नलसीटीएल -यू मास्टोडॉन-साइडकिक -एफ' ही आज्ञा दिली की साइडकिकच्या ओळी जशा येतील तशा दिसत राहतात. मागचे पाहायचे असेल तर -एफच्या जागी '--सिन्स' आणि वेळ द्यायची.

वेबच्या लॉगमध्ये मास्टोडॉन प्रत्येक विनंतीची एकच ओळ लिहितो. विनंती कोणत्या पत्त्यावर आली, उत्तराचा आकडा काय, एकूण किती मिलिसेकंद लागले, त्यातले डेटाबेसमध्ये किती गेले, हे सगळे तिच्यात असते. ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. तोच क्रमांक ब्राउझरला पाठवलेल्या उत्तराच्या हेडरमध्ये एक्स-रिक्वेस्ट-आयडी नावाने जातो. सदस्याला ५००, म्हणजे सर्व्हरच्या आतली चूक, दिसले तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क भागातून तो क्रमांक मागवा आणि लॉगमध्ये शोधा. हजार ओळींतून नेमकी त्याचीच विनंती हाती लागते. पातळीला हात न लावता सुटलेले कितीतरी बिघाड याच क्रमांकाने सुटले आहेत.

इथे एक सापळा आहे. जर्नलसीटीएलला '-पी ईआरआर' असा पर्याय देऊन फक्त चुका पाहता येतात, असे सगळीकडे वाचायला मिळते. मास्टोडॉनच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. मास्टोडॉन आपल्या ओळी साध्या आउटपुटवर टाकतो आणि सिस्टीमडी त्या सगळ्यांवर सरसकट इन्फोचा शिक्का मारते. आतली ओळ एररची असली तरी बाहेरचा शिक्का इन्फोच. त्यामुळे '-पी ईआरआर' दिल्यावर यादी कोरी दिसते आणि आपल्याला वाटते, सगळे आलबेल आहे. त्याऐवजी '-जी' देऊन शब्द शोधा : एरर, टाइमआउट, किंवा ज्या सर्व्हरशी अडचण आहे त्याचे नाव.

आता काकांच्या फोटोची हकीकत. डीबगच्या पुरात दोन तास घालवल्यावर मी पातळी परत इन्फोवर आणली, चहा घेतला आणि साध्या ओळी शांतपणे वाचायला बसले. साइडकिकमध्ये प्रत्येक पाठवणीपुढे समोरचा सर्व्हर ४०१ देत होता. वेबच्या लॉगमध्ये इनबॉक्सवर, म्हणजे दुसरे सर्व्हर आपल्या पोस्ट आणून टाकतात त्या पत्त्यावर, आलेल्या विनंत्यांना आपला सर्व्हरही ४०१ देत होता. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. एका सर्व्हरशी असे झाले तर दोष त्याचा असू शकतो. सगळ्यांशी आणि दोन्ही दिशांनी होत असेल तर दोष घरातच.

मग ओळींच्या डाव्या बाजूच्या वेळा पाहिल्या. आदल्या दिवशी सोसायटीच्या आवारातली केबल पावसात बिघडून १६ तास वीज नव्हती. लॉगमध्ये १६ तासांची फट दिसायला हवी होती. फटच नव्हती. वीज जाण्याआधीची शेवटची ओळ आणि वीज आल्यानंतरची पहिली ओळ यांत काही मिनिटांचेच अंतर. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल संपला होता, त्यामुळे संगणक सुरू होताना शेवटची साठवलेली वेळच खरी मानून बसला. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणे नव्या राउटरच्या फायरवॉलने अडवले होते. आमचा सर्व्हर १६ तास मागे जगत होता.

सर्व्हर एकमेकांना जे पाठवतात त्यावर डिजिटल सही असते आणि सहीत वेळही धरलेली असते. वेळ फारच मागची किंवा पुढची असली की समोरचा सही नाकारतो. आमची पत्रे त्यांना शिळी वाटत होती, त्यांची आम्हाला उद्याची. गटातल्या कोणालाही आपल्या सर्व्हरवर काही बिघडलेले दिसत नव्हते, कारण घरातल्या घरात सहीची गरजच नसते.

राउटरमध्ये वेळ जुळवणीला वाट करून दिली, 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा देऊन वेळ जुळल्याची खात्री केली, आणि संध्याकाळी सीआर२०३२ सेल आणून बसवला. काकांना फोटो पुन्हा टाकावा लागला नाही. ४०१ आले की साइडकिक पाठवणी सोडून देत नाही, वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न करतो आणि प्रत्येक वेळी नवी सही करतो. घड्याळ १६ तास पुढे सरकताच थकलेल्या सगळ्या पाठवण्यांची वेळ एकदम झाली आणि त्या भराभर निघाल्या.

घड्याळांवरून आणखी एक गोष्ट. साइडकिकच्या एकाच ओळीत कधीकधी दोन वेळा दिसतात. डावीकडची जर्नलची, सर्व्हर भारतीय वेळेवर ठेवला असेल तर भारतीय, आणि पुढची साइडकिकने स्वतः लिहिलेली, जागतिक वेळेतली, शेवटी झेड असलेली. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक असतो. सदस्य म्हणतो 'रात्री सव्वानऊला', तुम्ही झेडवाल्या वेळेत सव्वानऊ शोधत बसता आणि हाती काही लागत नाही. त्या वेळेत शोधायचे ते पावणेचार, म्हणजे १५.४५.

तिसरी पायरी : आता पातळी वाढवा, पण एकाच भागाची

इन्फोमध्ये खरोखरच काही नसते असेही बिघाड आहेत. त्यांतले दोन नेहमीचे. पहिला : दुसऱ्या सर्व्हरवरचे खाते पूर्ण पत्त्याने शोधले तरी सापडत नाही. हा शोध वेबफिंगर नावाच्या चौकशीतून चालतो आणि ती का फसली याची ओळ मास्टोडॉन फक्त डीबगवर लिहितो. दुसरा : पोस्टमध्ये बातमीचा दुवा टाकला, पण खाली चित्र-मथळ्याचे कार्ड येत नाही. दुवा आणताना आलेली चूक मास्टोडॉन आतल्या आत पचवतो. साइडकिकच्या पुन्हा-प्रयत्नांच्या यादीतही ती दिसत नाही. कारण लिहिलेले असते ते डीबगच्या ओळीत.

वेब आणि साइडकिक या दोघांची पातळी एकाच सेटिंगने ठरते : रेल्स (मास्टोडॉन ज्यावर उभा आहे तो रूबीतला पाया), लॉग, लेव्हल हे तीन शब्द मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर. ते होम फोल्डरातल्या लाइव्ह नावाच्या फोल्डरात, डॉट ईएनव्ही डॉट प्रॉडक्शन या फाइलमध्ये लिहितात. मात्र तिथे डीबग लिहून दोन्ही सेवा रीस्टार्ट केल्या तर दोघेही बोलायला लागतात. आपल्याला एकालाच बोलते करायचे आहे, म्हणून ती फाइल तशीच राहू द्या.

कार्डाचे काम साइडकिकचे. 'सुडो सिस्टीमसीटीएल एडिट मास्टोडॉन-साइडकिक' ही आज्ञा द्या. उघडलेल्या रिकाम्या जागेत पहिल्या ओळीवर चौकटी कंसात सर्व्हिस लिहा. दुसऱ्या ओळीवर एन्व्हायर्नमेंट, बरोबरचे चिन्ह, मग त्या सेटिंगचे नाव, पुन्हा बरोबरचे चिन्ह आणि डीबग, मध्ये कुठेही जागा न सोडता. फाइल जतन करा आणि 'सुडो सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट मास्टोडॉन-साइडकिक' द्या. सिस्टीमडीने दिलेले मूल्य डॉट ईएनव्ही फाइलमधल्या मूल्यावर मात करते, त्यामुळे साइडकिक डीबगवर जातो आणि वेब इन्फोवरच राहतो. रीस्टार्टमुळे हातातली कामे हरवत नाहीत. साइडकिक ती संपवायला थोडा वेळ घेतो, उरलेली रांगेत परत ठेवतो. रीस्टार्ट मात्र विसरू नका. ही सेटिंग फक्त सुरू होताना वाचली जाते.

स्ट्रीमिंग वेगळ्या भाषेत लिहिलेला आहे, म्हणून त्याची सेटिंगही वेगळी : नुसते लॉग लेव्हल, मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर. रेल्सवाली सेटिंग बदलून स्ट्रीमिंगच्या लॉगमध्ये फरक शोधत बसू नका.

चौथी पायरी : बिघाड एकदाच घडवा

रीस्टार्ट झाल्यावर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. मग चाचणीच्या खात्यातून तोच दुवा एकदाच पोस्ट करा. अर्ध्या-एक मिनिटाने पुन्हा वेळ लिहा. या दोन वेळांमधल्याच ओळी '--सिन्स' आणि '--अन्टिल' देऊन काढा आणि फाइलमध्ये उतरवून घ्या. रात्री साडेअकरानंतर हे केलेले बरे. लोक कमी असतात, इतर ओळींची गर्दी कमी होते.

डीबगवर डेटाबेसला विचारलेला जवळपास प्रत्येक प्रश्न लिहिला जातो. एक पान उघडले की डझनावारी ओळी. सगळ्या वाचायच्या नसतात. फाइलमध्ये त्या दुव्याचे नाव शोधा. आमच्या बाबतीत 'दुवा आणताना चूक' अशा अर्थाची एकच ओळ होती आणि तिच्या शेवटी लिहिले होते की संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची पडताळणी झाली नाही, ते देणाऱ्याचे प्रमाणपत्र सापडत नाही. त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरने साखळीतले मधले प्रमाणपत्र पाठवलेच नव्हते. ब्राउझर ते साठवणीतून किंवा स्वतः आणून भागवून घेतात, म्हणून आमच्या फोनवर पान व्यवस्थित उघडत होते. मास्टोडॉन तसे करत नाही, आणि ते योग्यच आहे. दोष समोरच्या बाजूचा निघाला. त्यांना कळवले, आमच्या सर्व्हरवर काहीच बदलले नाही.

ओळी गाळल्या गेल्याची सूचनाही पाहत चला. एखादी सेवा ३० सेकंदांत १०,००० च्या आसपास ओळींची मर्यादा ओलांडायला लागली की जर्नल पुढच्या ओळी टाकून देते आणि 'सप्रेस्ड' शब्द असलेली एक ओळ लिहिते. गर्दीच्या सर्व्हरवर डीबग लावल्यावर हे होऊ शकते, आणि नेमकी हवी ती ओळ गाळली गेली असेल तर तुम्ही नसलेल्या कारणामागे धावता. ती सूचना दिसली तर गर्दी कमी असताना पुन्हा करा.

पाचवी पायरी : लगेच खाली आणा

हे उद्यावर टाकू नका. 'सुडो सिस्टीमसीटीएल रिव्हर्ट मास्टोडॉन-साइडकिक' दिले की आपण घातलेला तुकडा निघून जातो, मग रीस्टार्ट. त्या सेवेसाठी याआधी तुम्ही दुसरे काही बदल एडिटने केले असतील तर तेही जातील. तसे असेल तर रिव्हर्ट वापरू नका, एडिटने उघडून ती एकच ओळ पुसा. मी पातळी वाढवतानाच फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावते.

घाईचे एक कारण जागा. डीबग रात्रभर राहिले तर लहान डिस्कवर लॉग बरीच जागा खातात. जर्नल स्वतःवर मर्यादा घालून घेते, मूळ सेटिंगमध्ये डिस्कच्या १० टक्के आणि फार तर ४ जीबी. पण ती गाठली की ते सर्वांत जुन्या ओळी पुसते. म्हणजे डीबगचा कचरा आत येतो आणि मागच्या महिन्याच्या कामाच्या नोंदी बाहेर जातात. 'जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज' देऊन किती जागा गेली ते पाहता येते.

दुसरे कारण मला त्याहून मोठे वाटते. डीबगच्या ओळींत डेटाबेसमध्ये जाणारा मजकूर दिसू शकतो : ईमेल पत्ते, आयपी पत्ते, अगदी ठरावीक लोकांनाच दाखवलेल्या पोस्टचे शब्द. पासवर्ड गाळले जातात, बाकीचे गाळले जाईल असे धरू नका. आमच्या गटात तिबोटी खंड्याच्या घरट्याची जागा फक्त आपसात, खाजगी पोस्टमधून सांगतात. ती जागा बाहेर गेली तर फोटोसाठी गर्दी होते आणि पिल्लांचे हाल होतात. ती ओळ माझ्या लॉगमध्ये आणि लॉगवरून बॅकअपमध्ये जाणे म्हणजे सदस्यांनी ठेवलेला विश्वास मोडणे. तपासासाठी काढलेली डीबगची फाइल काम झाले की पुसा.

लॉग किती दिवस ठेवायचे याचाही विचार करा. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर आणि व्यावसायिक संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. संस्थेच्या किंवा व्यवसायाच्या नावावर सर्व्हर उघडणार असाल तर जर्नलची मर्यादा आधीच त्या हिशेबाने ठेवा. इन्फोच्या ओळी १८० दिवस ठेवणे सहज जमते, डीबगच्या नाही.

डॉकरवर चालवत असाल तर

डॉकरमध्ये प्रत्येक भाग कंटेनर नावाच्या स्वतंत्र डब्यात चालतो. त्यामुळे दोन फरक आहेत आणि दोन्ही फसवतात. ईएनव्ही फाइल बदलून 'डॉकर कंपोज रीस्टार्ट' दिले तर नवे मूल्य आत जात नाही. जुनाच कंटेनर जुन्याच मूल्यांनिशी पुन्हा सुरू होतो. 'डॉकर कंपोज अप -डी' द्यावे लागते, म्हणजे कंटेनर नव्याने बनतो. आणि तो नव्याने बनला की डॉकरच्या मूळ पद्धतीत साठवलेले जुन्या कंटेनरचे लॉग त्याच्याबरोबर जातात. म्हणून पातळी बदलण्याआधी 'डॉकर कंपोज लॉग्ज साइडकिक' चा मजकूर फाइलमध्ये उतरवून घ्या. शिवाय त्या मूळ पद्धतीत लॉगच्या आकाराला मर्यादाच नसते. कंपोज फाइलमध्ये मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल हे दोन पर्याय आजच लिहून टाका.

पोस्टग्रेस, एन्जिनएक्स, रेडिस

सर्व्हर मंदावला असेल तर रेल्सला डीबगवर नेऊन प्रश्नांच्या ओळी वाचू नका. पोस्टग्रेसमध्ये 'लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट' ही सेटिंग ५०० वर ठेवा. मग अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ घेणारे प्रश्न तेवढेच लिहिले जातात. त्यासाठी रीस्टार्टही लागत नाही, रीलोड पुरते. काम झाले की परत उणे १.

एन्जिनएक्सच्या एरर लॉगची मूळ पातळी एरर असते. ती वॉर्न किंवा इन्फोवर नेणे बहुतेक वेळा पुरते. त्याचे डीबग चालायला तो मुळात त्या सोयीसह बनवलेला असावा लागतो. रेडिसला हात लावण्याची वेळ क्वचित येते, पण आलीच तर 'कॉन्फिग सेट' वापरून चालू असतानाच पातळी बदलता येते.

मास्टोडॉनऐवजी गोटूसोशल चालवणाऱ्यांचे काम सोपे आहे. तिथे सगळे एकाच प्रोग्राममध्ये असते, पातळी कॉन्फिग फाइलमधल्या लॉग-लेव्हल या एका ओळीत बदलते, आणि डेटाबेसचे प्रश्न लिहायचे की नाही हे लॉग-डीबी-क्वेरीज या वेगळ्या सेटिंगने ठरते. ही सोय मला फार आवडते, कारण डीबग वाचताना सर्वांत जास्त त्रास त्याच ओळींचा होतो.

मदत मागताना

इतके करूनही उकल होत नसेल तर जाणकारांना विचारा, पण आख्खी फाइल कोणालाही देऊ नका. पंधरा-वीस ओळी निवडा, त्यांतले आयपी पत्ते, ईमेल आणि सदस्यांची नावे बदला, ओळखक्रमांक आणि वेळा मात्र तशाच राहू द्या. सोबत मास्टोडॉनची आवृत्ती, पातळी कोणत्या भागाची वाढवली होती आणि पहिल्या पायरीत लिहिलेले ते एक वाक्य द्या.

माझ्याकडे त्यासाठी एक साधी दोनशे पानी वही आहे. त्या जुलैतल्या पानावर लिहिले आहे : दोन्हीकडून ४०१, सगळ्या सर्व्हरांशी. डीबगची गरज नव्हती. घड्याळ १६ तास मागे. सेल बदलला, राउटर दुरुस्त. पुढच्या वेळी आधी टाइमडेटसीटीएल. त्याखाली काकांचा फोन नंबर आहे, कारण फोटो पुण्याला पोचल्याचे सर्वांत आधी त्यांना कळवायचे होते.